डिस्क झिजली, खेळ उरला

व्हिडिओ गेमची डिस्क ‘गेली’ म्हणजे काय होते, हे ज्यांच्या घरी एकेकाळी प्लेस्टेशन टू होता त्यांना सांगायला नको. काळा डबा चालू करायचा, आतून घरघर ऐकू यायची आणि टीव्हीच्या पडद्यावर खेळाऐवजी नुसता अंधार. मग डिस्क बाहेर काढून बनियनला पुसायची, उजेडात धरून ओरखडे मोजायचे, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसायची. डबा कधी उभा ठेवून पाहायचा, कधी चक्क उलटा. काही दिवस असल्या उपायांवर निभावत असे. शेवटी मात्र तो लालसर, धुरकट पडदा यायचाच आणि त्यावर इंग्रजीत नम्र विनंती असायची की, कृपया प्लेस्टेशनची डिस्क आत घाला. डिस्क तर आतच असायची!

दोष डिस्कचा असतो तितकाच ती वाचणाऱ्या डोळ्याचाही असतो. डब्यातले लेझरचे भिंग रुळावरून पुढेमागे सरकत फिरत्या डिस्कवरच्या सूक्ष्म खुणा वाचत असते. वापराने लेझर मंदावतो, रुळावरचे ग्रीस वाळते, भिंगावर धूळ बसते. सोनी कंपनीने हा कन्सोल ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीला आणला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर केले. मधल्या काळात जगभरात १५ कोटींहून अधिक नग खपले. याचा अर्थ असा की, आज ज्याच्या घरी तो आहे त्याच्याकडचा अगदी शेवटच्या खेपेचा नगही बारा वर्षांपेक्षा जुना आहे. त्या वयात यंत्राचा मेंदू सहसा शाबूत असतो, डोळे तेवढे गेलेले असतात.

म्हणूनच तिशी ओलांडलेला, नोकरीला लागलेला, लग्न झालेला एखादा मुलगा रविवारी दुपारी माळ्यावरून तो जुना डबा खाली काढतो, संगणकाशी काही खटाटोप करतो आणि संध्याकाळी एकही डिस्क न घालता त्या डब्यावर लहानपणचा खेळ सुरू करून दाखवतो, तेव्हा घरातल्या वडील मंडळींना नवल वाटते. ‘डिस्क कुठे आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘हे चोरीचे तर नाही ना?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आणि फार मनोरंजक आहे. दुसऱ्याचे अवघड आहे.

डिस्कची प्रत म्हणजे काय?

या मंडळींच्या बोलीत डिस्कच्या प्रतीला ‘इमेज’ म्हणतात. इमेज म्हणजे चित्र नव्हे. पुस्तकातला फक्त मजकूर उतरवून न घेता मुखपृष्ठ, कोरी पाने, पानांचे आकडे, मुद्रणदोष, सगळे जसेच्या तसे जागच्या जागी टिपून घ्यावे, तशी ही प्रत असते. डीव्हीडीवर साधारण ४.७ जीबी मजकूर मावतो. त्याची एक भलीमोठी फाइल होते. तिला ‘आयएसओ’ म्हणतात, कारण सीडीवर मजकूर कसा मांडावा याचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे त्याचे नाव आयएसओ ९६६०. ही फाइल पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवली आणि कन्सोलला ‘हीच डिस्क आहे’ असे पटवून दिले, की लेझरची गरजच उरत नाही.

पटवून देणे हेच खरे काम. कन्सोल इतका भोळा नसतो. अस्सल डिस्कवर कारखान्यातच अशी खूण उमटवलेली असते, जी घरच्या सीडी रायटरला उमटवता येत नाही. ती दिसली नाही की कन्सोल डिस्क नाकारतो. सुरुवातीच्या वर्षांत यावर मुख्य उपाय होता, तो म्हणजे ‘चिप बसवणे’. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक मोठ्या शहरातल्या तशाच एखाद्या गल्लीत कारागीर बसत. ते डबा उघडून केसासारख्या बारीक तारा मुख्य पाटीवर सोल्डर करत आणि नखाएवढी चिप आत बसवत. ती चिप खूण तपासण्याच्या क्षणी मधे पडून ‘सर्व ठीक आहे’ असे खोटेच सांगे. आपल्याकडे त्या काळी विकल्या गेलेल्या कन्सोलांपैकी पुष्कळ असे ‘चिपवाले’च होते, आणि त्यावर खेळल्या जाणाऱ्या बहुतेक डिस्का फुटपाथवर विकत घेतलेल्या नकली होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२००८ मध्ये चित्र पालटले. सोनीने कन्सोलमध्ये एक सोय ठेवली होती. पुढेमागे यंत्राच्या मूळ प्रणालीत सुधारणा करावी लागली, तर ती मेमरी कार्डावरून करता यावी. चालू होताना कन्सोल कार्डावर तशी सुधारणा आहे का, हे पाहून घेत असे. हौशी मंडळींनी नेमकी ही पायवाट धरली आणि त्या जागी स्वतःचा छोटा प्रोग्राम ठेवण्याची युक्ती काढली. तिचे नाव फ्री मॅकबूट. ज्या ८ एमबीच्या कार्डावर मुलगा आपल्या खेळातली प्रगती साठवत असे, तेच कार्ड आता किल्ली झाले. डबा उघडायला नको, सोल्डर नको, कारागीर नको. अगदी शेवटच्या आवृत्तीत सोनीने ही वाट बंद केली होती. पण २०२० मध्ये निराळीच फट सापडली. चित्रपट पाहण्यासाठी कन्सोलमध्ये जो डीव्हीडी प्लेअर दिलेला होता, त्यात चूक निघाली. विशिष्ट रीतीने तयार केलेली डीव्हीडी आत घातली की प्लेअर गडबडतो आणि त्या गडबडीत आपला प्रोग्राम सुरू होतो. वीस वर्षांच्या यंत्राची कुलपे लोक अजून तपासत बसले होते, ही चिकाटी थक्क करणारी आहे.

व्यवस्थापकाची कामे

दार उघडले म्हणजे घर लागले असे नव्हे. कन्सोलवर चालणारा मुख्य प्रोग्राम म्हणजे ओपन पीएसटू लोडर. सर्वांना खुला आणि फुकट असलेला हा प्रोग्राम २००९ च्या सुमारास आकाराला आला आणि अनेक हातांनी वाढवला. पण त्याला खेळ विशिष्ट पद्धतीने मांडून द्यावे लागतात. ही मांडामांड संगणकावर करून देणारे वेगळे प्रोग्राम आहेत. यूएसबीयूटिल, एचडीएल डंप, विनहिप, ओपीएल मॅनेजर अशी त्यांची रूक्ष नावे. या लेखाचे खरे नायक तेच. त्यांना कुणी वाखाणत नाही. लग्नघरात सगळे यजमानाचे कौतुक करतात. कोठीघर सांभाळणाऱ्या मावशी कुणाला आठवत नाहीत, तसे यांचे आहे.

कोठीघरातल्या अडचणी पाहा. पेनड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीने आखलेला असतो, त्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल ठेवता येत नाही. खेळ ४.३ जीबीचा असला तर? यूएसबीयूटिल त्या फाइलचे एकेक जीबीचे तुकडे पाडतो आणि कोणत्या खेळाचे किती तुकडे, याची एक छोटी यादी जोडीला ठेवतो. कन्सोल ती यादी वाचून तुकडे सलग असल्यासारखे वापरतो. मोठा दिवाण दारातून आत जाईना म्हणून सुतार तो सुटा करतो आणि आत नेऊन पुन्हा जोडतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. संगणक फाइल साठवताना ती एका जागी सलग ठेवीलच असे नाही. जिथे मोकळी जागा सापडेल तिथे थोडी थोडी ठेवतो. आयत्या वेळी तिकीट काढलेल्या कुटुंबाला रेल्वेत बर्थ मिळतात ना, आजी एस-२ मध्ये, नातू एस-७ मध्ये, तसे. संगणकाला याचे काही वाटत नाही, तो डब्याडब्यांतून फिरून सगळ्यांना गोळा करतो. प्लेस्टेशन टूकडे कामापुरती स्मरणशक्तीच मुळी ३२ एमबीची, आणि तीही खेळाने व्यापलेली. म्हणून लोडर अनेक वर्षे आग्रह धरत असे की खेळाची फाइल सलगच हवी. पेनड्राइव्हवरचे जुने खेळ पुसून नवे टाकत गेले, की मधे मधे भोके पडत आणि नवा खेळ विखुरला जाई. मग कालपर्यंत चालणारा खेळ आज का चालत नाही, म्हणून मुले डोके धरून बसत. व्यवस्थापक प्रोग्राम ही विखुरलेली मंडळी ओळखून दाखवतो.

तिसरी गोष्ट वेगाची. या कन्सोलवरची यूएसबीची खोबण पहिल्या पिढीची. तिचा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात सुमारे १ एमबी मजकूर मिळतो. उलट त्याचे स्वतःचे डीव्हीडी यंत्र सेकंदाला ५ एमबीच्या आसपास वाचू शकते. परिणाम असा की पेनड्राइव्हवरून खेळताना खेळ ठीक चालतो, पण मधली चित्रफीत आली की आवाज पुढे आणि चित्र मागे. जुन्या जाड्या आवृत्तीच्या मालकांना यावर चांगला उपाय आहे. तिच्या मागच्या बाजूला हार्ड डिस्कसाठी जागाच ठेवलेली होती. नेटवर्क अडॅप्टर जोडला की आत हार्ड डिस्क बसते. २००४ मध्ये आलेल्या बारीक आवृत्तीत ती जागा गेली. तिच्या मालकांनी घरातल्या संगणकावर खेळ ठेवून तारेने जोडण्याचा मार्ग धरला. पण विंडोजने जुनी, असुरक्षित ठरलेली देवाणघेवाणीची पद्धत २०१७ पासून मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि कन्सोलला तर तीच एक येत होती! अलीकडे मेमरी कार्डाच्या खोबणीत बसणारा, मोबाइलच्या एसडी कार्डाचा जोड निघाला आहे. तो यूएसबीपेक्षा वेगवान पडतो.

हार्ड डिस्कवाल्यांच्या वाटेवरही एक खड्डा आहे. प्लेस्टेशन टू हार्ड डिस्क स्वतःच्या निराळ्या पद्धतीने आखतो. ती काढून संगणकाला जोडली की विंडोजला ती कोरी भासते आणि तो साळसूदपणे विचारतो, ही डिस्क वापरण्याजोगी करून देऊ का? घाईत ‘हो’ म्हटले की दोनशे खेळांचा संग्रह एका क्षणात नाहीसा. एचडीएल डंप आणि विनहिप हे प्रोग्राम ती निराळी आखणी वाचू शकतात, म्हणून त्यांची गरज. विंडोजच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे नवख्याला सर्वांत आधी शिकवले पाहिजे.

आणि मग नावे. प्रत्येक अधिकृत खेळाला एक क्रमांक असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो थ्रीचा क्रमांक एसएलयूएस-२००६२. यातला ‘यू’ अमेरिकेचा. युरोपच्या डिस्कवर त्या जागी ‘ई’ येतो, जपानच्या डिस्कवर ‘पी’. दुसरे अक्षर ‘एल’ असेल तर खेळ बाहेरच्या कंपनीने परवाना घेऊन काढलेला, ‘सी’ असेल तर सोनीचा स्वतःचा. डिस्कच्या आत सिस्टम डॉट सीएनएफ नावाची काही ओळींची चिठ्ठी असते, तिच्यात हा क्रमांक लिहिलेला सापडतो. व्यवस्थापक प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतो, फाइलला क्रमांकासह नीट नाव देतो, त्या क्रमांकावरून मुखपृष्ठाचे चित्र शोधून आणतो, हा खेळ नीट चालण्यासाठी कोणती तडजोड करावी लागते याची नोंद करतो, आणि हवे असेल तर प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र काल्पनिक मेमरी कार्ड तयार करून देतो.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम केलेल्या कुणालाही हे वाचून आपली दाखल नोंदवही आठवेल. पुस्तक आले, क्रमांक पडला, शिक्का बसला, कपाट ठरले. खेळांच्या बाबतीत तर आणखी एक पायरी आहे, जी वाचनालयात शक्य नाही. रिडंप नावाच्या हौशी लोकांच्या सामूहिक उपक्रमात हजारो डिस्कांची ‘बोटांचे ठसे’ म्हणावीत अशी आकड्यांची नोंद आहे. आपण काढलेल्या प्रतीचा ठसा त्यांच्याकडच्या ठशाशी जुळला, तर प्रतीत एक अक्षरही इकडचे तिकडे झालेले नाही याची खात्री पटते. जुळला नाही, तर ओरखड्याने काहीतरी खाल्ले आहे. पगार नाही, नावही नाही, तरी लोकांनी आपापल्या घरच्या डिस्का वाचून हे काम केले आहे. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या वारशाची इतकी चोख मोजदाद ठेवल्याचे फारसे ऐकिवात नाही.

घोड्याचे नाव

विस्तार होतो आहे, पण निन्टेन्डोच्या वीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि १० कोटींवर खपला. त्याची कुलपे भक्कम होती. काही तरुणांनी चक्क चिमट्याने त्याच्या पाटीवरचे बिंदू एकमेकांना टेकवून आतल्या स्मरणशक्तीचा झाकलेला भाग वाचला आणि गुप्त किल्ल्या मिळवल्या. पुढे २००८ मध्ये एक राजमार्ग सापडला. झेल्डा मालिकेतल्या ट्वायलाइट प्रिन्सेस या खेळात नायकाच्या घोड्याला नाव देता येते. साठवलेल्या खेळाच्या फाइलमध्ये ते नाव अतोनात लांब लिहिले, की नेमून दिलेल्या जागेत न मावता ते बाहेर सांडते, आणि सांडलेली अक्षरे कन्सोल आज्ञा समजून पाळू लागतो.

त्याहून गमतीची चूक सहीची. प्रोग्रामवर निन्टेन्डोची सही आहे का, हे तपासताना कन्सोल दोन आकडेमाळा ताडून पाहत असे. पण ताडण्यासाठी वापरलेले साधन मजकुरासाठीचे होते, आणि मजकुरात शून्य आले की ‘इथे मजकूर संपला’ असा त्याचा समज. त्यामुळे दोन्ही माळांची सुरुवातच शून्याने झाली, तर कन्सोल पुढचे काही न पाहता ‘जुळले’ म्हणून शिक्का मारी. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने पहिली ओळ कोरी पाहून अर्ज मंजूर करावा, तसे. मोठमोठ्या तटबंद्या अशा एका ओळीच्या निष्काळजीपणाने पडतात.

वीच्या डिस्कांची प्रत ठेवायला जी पद्धत निघाली, तिचे नाव डब्ल्यूबीएफएस. डिस्क पुरी भरलेली दिसावी म्हणून रिकाम्या जागी निरर्थक भर घातलेली असे. काही खेळांचा खरा मजकूर डिस्कच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. ही पद्धत भर गाळून तेवढा मजकूर ठेवते. जागा वाचते, पण मूळ डिस्क जशीच्या तशी परत उभी करता येत नाही. खेळणाऱ्याला याचे सोयरसुतक नाही. जतन करणाऱ्याला आहे. म्हणून २०२० मध्ये डॉल्फिन या इम्युलेटरच्या मंडळींनी आरव्हीझेड नावाची पद्धत आणली. तिच्यात फाइल लहान होते आणि मूळ डिस्क अक्षरशः परतही मिळवता येते. धान्य निवडताना खडे फेकून द्यायचे की तेही पुडीत बांधून ठेवायचे, असा हा वाद होता. बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण संग्रहालयात काम करणारा कुणीही खडे ठेवण्याच्या बाजूनेच उभा राहील.

हे चोरीचे आहे का?

आता दुसरा प्रश्न. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एडी स्टीव्हन्स या गृहस्थांनी प्लेस्टेशनला चिपा बसवून विकल्या म्हणून सोनीने त्यांच्यावर दावा लावला. २००२ मध्ये ते जिंकले, २००३ मध्ये अपिलात हरले, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने (त्याला तिथे हायकोर्ट असेच म्हणतात) निकाल त्यांच्या बाजूने दिला. सोनीचे कुलूप प्रत काढण्याला अडवत नाही, काढलेली प्रत चालवण्याला अडवते. तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेले प्रताधिकाराचे संरक्षण ते नव्हेच, असा त्याचा सारांश. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये नेमका उलटा निकाल लागला होता. ऑस्ट्रेलियातही अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे २००६ मध्ये कायदाच कडक करण्यात आला. म्हणजे स्टीव्हन्स जिंकले, पण ते जिंकले तो कायदा उरला नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ फारसे कुणाला ठाऊक नसते. संगणकाच्या प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याने ती हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि मूळ हेतूसाठीच वापरण्याकरिता, जादा प्रत करून ठेवली तर तो भंग मानला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात ‘भंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि कायद्याने उघड मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढायला त्याच कलमात सवलतही आहे. तरीही सरळ हिशेब होत नाही. खेळ म्हणजे निव्वळ प्रोग्राम नव्हे. त्यात संगीत आहे, चित्रे आहेत, चित्रफिती आहेत, आणि जादा प्रतीची सवलत दिली आहे ती प्रोग्रामला. शिवाय ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे कायद्यात सांगितलेले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. पैसे मोजून घेतलेली डिस्क कपाटात असताना तिची प्रत काढून आपल्याच यंत्रावर खेळणाऱ्याला चोर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. मात्र ‘दोनशे खेळ भरलेली हार्ड डिस्क’ म्हणून जो माल सर्रास विकला जातो, तो विकणारा कसलेही जतन करत नाही. तो दुसऱ्याच्या कामावर दुकान चालवतो, आणि ते काम खेळ बनवणाऱ्यांचे जितके, तितकेच फुकट प्रोग्राम लिहून देणाऱ्या हौशी मंडळींचेही आहे. प्रोग्राम दोघांनाही सारखीच सेवा देतो. कपाटात डिस्क आहे की नाही, हे त्याला दिसत नाही.

‘इतका खटाटोप कशाला, कंपनीकडून पुन्हा विकत घ्या’ असे म्हणणारे असतात. घेता आले असते तर प्रश्नच नव्हता. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत. संशोधकांना जुने खेळ ग्रंथालयांकडून दूरवरून पाहता यावेत, ही मागणीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

ही काही फक्त अमेरिका-जपानची अडचण नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने याच प्लेस्टेशन टूसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ केला; संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला, देवाला बटणांनी नाचवावे का म्हणून वादही झाला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला. त्यात विटीदांडू होते, कबड्डी होती. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला, ज्यात आपल्याकडच्या गल्लीतले क्रिकेट होते. ‘डॉन २’ चित्रपटावरचा खेळ तर २०१३ मध्ये आला, म्हणजे जगाने या कन्सोलला निरोप दिल्यानंतर. खेळ म्हणून ते फार थोर होते असे कुणी म्हणणार नाही. पण विटीदांडू पडद्यावर पहिल्यांदा कसा दिसला, हे उद्या कुणाला पाहायचे असेल, तर कुठे पाहणार? सुरुवातीच्या मूकपटांपैकी किती हातात उरले आहेत, हे आपण जाणतोच. त्या वेळी निदान फिल्म पेट घेत असे. इथे आग नको, एक दमट कपाट पुरे. डिस्कमधला ॲल्युमिनियमचा थर हवा लागून काळवंडतो. २००१ मध्ये बेलीझ या उष्ण, दमट देशात तर सीडीचा तो थर खाणारी बुरशी सापडली होती.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशा डिस्का आहेत, त्यांनी त्या या पावसाळ्याआधी काढून पाहाव्यात. प्लेस्टेशन टूची डिस्क साध्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला वाचता येते, ही मोठी सोय आहे. वीची बहुतेक ड्राइव्हना येत नाही, ती कन्सोलमधूनच उतरवावी लागते. नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसते, पण यूएसबीने बाहेरून जोडायची मिळते. ज्या डिस्कची खालची बाजू निळी असेल ती सीडी. तिची प्रत बहुधा दोन फाइलींत येते आणि नंतर तिची आयएसओ करून घ्यावी लागते. चंदेरी असेल ती डीव्हीडी, तिला चांगल्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ओरखडा असेल तर ड्राइव्ह एकाच जागी घुटमळू लागते, खर्रखर्र आवाज येतो, आकडा पुढे सरकत नाही. अशा वेळी डिस्क ओढून काढू नये. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये, आणि पुन्हा कमी वेगावर लावून पाहावी. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती वाचली जाते.